‘आता नाही घेतला तर राहूनच जाईल’

‘मॅडम, हा शेअर आता घेतला नाही तर राहूनच जाईल का?’ अंबडच्या कारखान्यातले सुपरवायझर, कॉलेज रोडवरच्या डॉक्टर, निवृत्त शिक्षक, नाशिकमध्ये सगळ्यांकडून हाच प्रश्न ऐकते. कंपनीचं नाव तेवढं बदलतं. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगत नाही. ते सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेल्या सल्लागाराचं काम. मी समुपदेशक. झोप का उडाली, हे मात्र माझ्या कामात येतं.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हंगामाचे सहा लाख हातात होते. पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्यानं एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या शेअरमध्ये चांगला पैसा केला होता. काकांना सहाच्या सहा लाख त्यात घालायचे होते, पण हात धजत नव्हता. अमेरिकेचा बाजार आपल्याकडे संध्याकाळी उघडून मध्यरात्रीनंतर बंद होतो. तोवर हे मोबाइल घेऊन जागे.

सुरुवातीच्या भेटींत ते कंपनीबद्दलच बोलले. एका आर्थिक वर्षात विक्री २७ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी ६१, त्यापुढे १३०. आकडे अगदी बरोबर होते. मी विचारलं, ‘पुतण्यानं घेतलाच नसता तर?’

‘तर मला नावसुद्धा माहीत नसतं.’ मग बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आता घरात मीच अडाणी ठरलोय.’

इथं गाठ सापडली. माणसाला अस्वस्थ करतो तो घटनेला त्यानं लावलेला अर्थ, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मी माझ्या कामाचा पाया मानते. सहा लाखांत या काकांना तो ठपका पुसायचा होता. ठपका पुसायला निघालेला माणूस भाव विचारत नाही, आणि नुकसान नेमकं तिथं होतं. अशा वेळी धीराचे चार शब्द पुरत नाहीत. मी कागद-पेन पुढे केलं.

हिशोब कल्पित कंपनीचा. एका शेअरमागे वर्षाचा नफा २० रुपये, शेअरचा भाव १२००, म्हणजे नफ्याच्या ६० पट. नफा दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढला तर पाच वर्षांनी तो ६१ रुपये होतो. पण तोवर वाढीचा वेग मंदावतो आणि लोक ६० पटीऐवजी २५ पटच द्यायला तयार होतात. भाव किती? त्यांनीच गुणाकार केला: १५२५.

‘म्हणजे कंपनीचा नफा तिप्पट, आणि माझे बाराशेचे फक्त सव्वापंधराशे?’

‘हो. वर्षाला पाच टक्केसुद्धा पडत नाहीत.’

ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘व्यापारी बागेत येतो तेव्हा माल कितीही गोड असो, तो भाव ठरवूनच घेतो. मी मालच चाखत बसलो होतो.’

माझ्या कित्येक भेटींचं काम त्या वाक्यानं केलं. अशी जाण बाहेरून घालता येत नाही. माणसाच्या स्वतःच्या व्यवसायात ती आधीपासून असते, प्रश्न नीट विचारला की वर येते. यावर माझा ठाम विश्वास आहे.

मग त्यांना सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं उदाहरण दिलं. मार्च २००० मध्ये शेअर ८० डॉलरच्या आसपास होता, २००२ मध्ये दहाच्या खाली आला. कंपनी बुडाली नाही. २००० मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर असलेली वर्षाची विक्री २०१९ पर्यंत ५२ अब्जांजवळ गेली. तरी वीस वर्षांत शेअर जुन्या भावाला पोचला नव्हता. एनव्हिडियाही २७ जानेवारी २०२५ या एका दिवसात १७ टक्के पडला होता. शेअर निम्म्यावर आला, तर मूळ किमतीला यायला तो दुप्पट व्हावा लागतो.

पैशाचं पुढचं गणित त्यांनीच मांडलं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची मजुरी, औषधं धरून साडेतीन लाख. दुखणंखुपणं आणि घरखर्चाला दीड. उरला एक लाख. छाटणीचा पैसा शेअरमध्ये अडकला आणि तेव्हाच भाव पडलेला असला, तर तोट्यात विकण्यावाचून इलाज नसतो. चांगल्या कंपनीत पैसे घालूनही लोक बुडतात ते बहुधा असे. पीककर्ज किंवा सोनंतारण काढून शेअर घेणाऱ्यांचं तर हप्ता थांबत नाही म्हणून आणखी वाईट होतं.

घ्यायचाच असेल, तर आधी तीन गोष्टी लिहून काढा: आत्ताचा भाव नफ्याच्या किती पट आहे, विक्रीचा मोठा वाटा दोन-चार ग्राहकांवरच उभा आहे का, आणि काय घडलं तर मी विकेन. नफा कागदावर वाढतोय पण व्यवसायातून रोख येत नसेल, तर थांबा. रक्कम चार भागांत विभागून कंपनीचा दर तिमाहीचा नफा-विक्रीचा निकाल वाचल्यावर एकेक भाग घाला. परदेशी शेअर २४ महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे कर, त्यानंतर १२.५ टक्के, आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागतो.

काकांनी एक लाखाचे २५ हजारांचे चार भाग केले. पहिला भाग घालण्याआधी पुतण्याला फोन करून ‘तुझं तेव्हा बरोबर होतं’ एवढं सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. फोन त्यांनी त्याच संध्याकाळी केला. शेअर मात्र पुढचा निकाल वाचून मग बघू म्हणाले.