नदीकाठी झाडं लावायची, तर गणित सोडू नका

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला आहे, पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी घेतलंय. कृष्णाकाठी बसून झाडांची चित्रं काढते. शहरातल्या नदीकाठच्या बागांत कुठे काय लावायचं, हे ठरवण्याचं काम करायचं म्हणते. गणित जड जातंय, ते सोडून नुसतं बायोलॉजी ठेवू का? आणि हे माळीकाम शिकून पोट भरेल का? असे त्यांचे दोन प्रश्न.

सप्रेम नमस्कार.

गणित अजिबात सोडू देऊ नका. तुमची मुलगी म्हणते त्या कामाला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात. त्याची रुळलेली वाट म्हणजे नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, पाच वर्षांचं बी.आर्क. म्हणजे आर्किटेक्चरची पदवी आणि मग दोन वर्षांचं लँडस्केपमधलं पदव्युत्तर शिक्षण. बी.आर्क.ला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच. पुढचं शिक्षण पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात, अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात किंवा दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) घेता येतं.

पण प्रवेशापुरतंच गणित हवंय असं नाही. पाऊस लागला की सांगलीत जो तो विचारतो, 'आयर्विनला किती फूट?' म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं? पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. नदीकाठच्या बागेत झाड निवडताना पहिला प्रश्न हाच असतो : इथे पाणी किती चढतं आणि किती दिवस थांबतं? अगदी पाण्यालगत लव्हाळे, पाणकणीस. ते वाकतात आणि पूर ओसरला की पुन्हा उभे राहतात. त्याहून वरच्या पट्ट्यात वाळुंज, तिची मुळं काठाची माती धरून ठेवतात. आणखी वर करंज, उंबर. फूटभर पातळी चुकली तरी झाड मरू शकतं. एका शहरात मी नदीलगत हिरवळ आणि शोभेचे पाम लावलेले पाहिलेत. पहिल्याच पुरानंतर तिथे वीतभर गाळ उरला होता. आजही वाईट वाटतं.

उलट न्यूयॉर्कचं ब्रुकलिन ब्रिज पार्क बघा. जुन्या मालधक्क्यांवर मायकेल व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांच्या कार्यालयाने ते आखलं. पहिला धक्का 2010 मध्ये खुला झाला. काठाला खाऱ्या पाण्यातलं गवत, आत मातीचे उंचवटे आणि त्यावर झाडं. 2012 मध्ये सँडी वादळाचं खारं पाणी आत शिरलं, तरी बाग टिकली.

पोटापाण्याचं म्हणाल तर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे खरं. पण महापालिकांचे नदीकाठाचे प्रकल्प चालू आहेत आणि निळ्या-लाल पूररेषा (नकाशावर पुराची हद्द दाखवणाऱ्या) वाचता येणारी, शिवाय झाडं ओळखणारी माणसं फार थोडी आहेत. गणित अगदीच झेपलं नाही, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठातलं हॉर्टिकल्चर, म्हणजे बागायतीचं शिक्षण आहे. तिथे पीसीबीवर, म्हणजे गणिताशिवाय, सीईटी देऊन जाता येतं. त्यातून झाडांचं ज्ञान पक्कं होईल, पण आर्किटेक्ट म्हणून आराखड्यावर सही करता येणार नाही.

तोवर तिला एक वही द्या. घाटाजवळचं प्रत्येक झाड पाण्यापासून किती उंचावर आहे ते त्यात लिहू दे. पूर ओसरल्यावर फांद्यांना चिंध्या आणि प्लास्टिक अडकून राहतं. सर्वांत वरची चिंधी जिथे, तिथवर पाणी आलं होतं. तीही उंची मोजू दे. मात्र पाणी चढतं असताना तिला काठाला जाऊ देऊ नका.