'बे' बंद झाला म्हणून

प्रिय बेटा,

परवा फोनवर बढतीची बातमी दिलीस आणि पुढच्याच वाक्याला तुझा आवाज पडला. "चहाच्या ठेल्यावर गेलो तर सगळे गप्प झाले. ज्यानं 'काय बे'शिवाय कधी हाक मारली नाही, तो 'बसा साहेब' म्हणाला." ते ऐकल्यापासून तुझाच विचार डोक्यात आहे.

नागपुरात ज्याला आपण 'बे' म्हणतो, त्याच्यापासून आपलं काही लपलेलं नसतं. तुझी खरी अडचण तिथेच आहे. आता तुझ्या हाताखाली आलेल्या त्या अकरा जणांचं सगळं तुला ठाऊक आहे: कोण कोणाचं हजेरीचं कार्ड पंच करतो, रात्रपाळीत कोण कुठे झोपतो, कोणाच्या घरी काय चाललंय. हे सारं तुला मित्र म्हणून कळलंय, साहेब म्हणून नाही.

मी नेमका इथेच चुकलो. 1996 साली हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट इन्चार्ज झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात एका मित्राला मेमो दिला, लवकर निघून गेल्याबद्दल. कागद हातात घेऊन तो एवढंच म्हणाला, "मागच्या महिन्यात माझं कार्ड तूच पंच केलं होतं ना?" मेमो नियमाला धरून होता, पण मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. पुढची तीन वर्षं आम्ही बर्डीवरून एकाच बसनं जात होतो आणि तो लांबच्या सीटवर बसायचा. मग एक दिवस मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. ती तीन वर्षं मात्र गेली ती गेलीच.

म्हणून सोमवारी मशीन सुरू होण्याआधी सगळ्यांना बोलव आणि स्वतःपासून सुरुवात कर. "कार्डं मीही पंच केली आहेत. झालं ते कुणाविरुद्ध काढणार नाही. आजपासून मात्र दिसलं तर सोडणार नाही." बस, भाषण नको. वरचे साहेब एकदा तरी विचारतीलच, "तू यांच्यातलाच, सांग कोण कसा आहे?" तेव्हा रिजेक्शन किती, म्हणजे किती माल नापास झाला, हजेरी कशी, इतकंच सांग. कोणाचं कर्ज, कोणाची दारू, कोणाचं घरचं भांडण तुझ्या तोंडून केबिनमध्ये जाता कामा नये, अगदी त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही.

ज्याला ही जागा आपल्याला मिळेल असं वाटत होतं, त्याला सोमवारच्या आधी एकट्याला भेट. समजूत काढू नकोस, ऐकून घे. डाय सेटिंगमध्ये, मशीनवर साचा बसवण्यात, त्याचा हात कुणी धरत नाही, हे तूच मला सांगितलंस. ते त्याला कधी सांगितलंस का?

ठेल्यावर जात राहा, पण कप संपला की ऊठ. मागे तुझ्याबद्दल बोलतील, बोलू दे.

तुझी परीक्षा होईल ती सुट्ट्यांत आणि ओव्हरटाइममध्ये. 1948 च्या कारखाने कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी ठरवली, म्हणून तो कोणाला मिळतो याकडे सगळ्यांचे डोळे असतात. जुन्या मित्राला सलग दोनदा मिळाला तरी कुजबुज सुरू होईल. त्याला मुद्दाम टाळलंस, तर तोही अन्यायच. वही ठेव, पाळीपाळीनं दे. सुट्ट्यांचंही तसंच. तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीच्या पोट्ट्यांना मारबतीची मिरवणूक बघायची असते, दसऱ्याला कित्येकांच्या घरी दीक्षाभूमीसाठी गावाकडचे पाहुणे उतरतात, आणि दिवाळी तर सगळ्यांनाच हवी. तक्ता महिनाभर आधी भिंतीवर लाव, मागच्या वर्षी त्या दिवशी कोण कामावर होतं तेही त्यात लिही. दिवाळीच्या रात्रपाळीत पहिलं नाव तुझं टाक.

पोळा तोंडावर आलाय. रविवारी सकाळी घरी ये, येताना मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक घेऊन ये. पोहे खाता खाता तक्ता दोघं मिळून आखू.

तुझा,
काका