कोबीत व्हिनेगर घालून श्ची होत नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा रशियात डॉक्टरकी शिकतोय. मागच्या सुट्टीत सुझ्दाल म्हणून नदीकाठचं जुनं गाव आहे तिथं जाऊन आला आणि तिथलं मडक्यातलं कोबीचं आंबट सूप, श्ची म्हणतात म्हणे, त्याचंच कौतुक चाललंय. आता घरी आलाय तर मी करून बघितलं, कोबी बटाटा एकदम टाकला, व्हिनेगर घातलं, कुकरला लावलं. बटाटे कडकच राहिले आणि पोरगं म्हणतंय हे ते नव्हेच. काय चुकलं?
– एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, चव सोडा, तुमची पद्धतच वेगळी झाली. श्चीचा आंबटपणा वरून घालायचा नसतो, तो कोबी मुरवून आणायचा. सुझ्दाल कामेन्का नदीवरचं गाव, इतिहासात नाव 1024 पासून सापडतं, आणि तिकडचा हिवाळा एवढा लांब की शरदातच कोबी, काकड्या मिठात मुरवून ठेवल्याशिवाय घर चालायचंच नाही.

एक किलो कोबी बारीक चिरा, 20 ग्रॅम मीठ, एक गाजर किसून, आणि पाणी सुटेपर्यंत हातानं चुरा. चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा, कोबी पाण्याखालीच राहिला पाहिजे. रोज काडीनं टोचून गॅस बाहेर काढायचा. आपल्याकडं थंडीत आठवडाभर, उन्हाळ्यात तीन-चार दिवसातच आंबतो, चाखत राहा आणि मग फ्रिजमध्ये. बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, वरवर काढून वापरू नका.

बटाट्याचं सांगते. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही म्हणून तो आधी शिजवून घ्यायचा, कोबी नंतर. बाकी मटणाचं पाणी, कांदा, तमालपत्र, मिरी, बस्स. कांदा-लसूण मसाल्याचा हात तेवढा आवरा, मला माहितीय अवघड आहे.

आणि कुकर नको. तिकडं विटांची मोठी भट्टी असते, सकाळी लाकडं जाळून तापवायची, निखारे बाजूला सारून मडकं आत ठेवायचं आणि तोंड झाकायचं, मग उष्णता हळूहळू उतरते आणि जेवण उकळत नाही तर नुसतं मुरत राहतं, ही चव तिथूनच येते (त्याच भट्टीवर रात्री माणसं झोपायची पण). तुमच्याकडं चूल असली तर उत्तम, भाकरी झाल्यावर निखाऱ्याच्या कडेला ठेवा. नाहीतर जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद गॅसवर दोन तास. आणि लगेच वाढू नका, श्ची दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते, आपला शिळा रस्सा लागतो तशीच.

सुझ्दालच्या काकड्याही प्रसिद्ध, जुलैत तिथं काकडीचा सणच असतो. कोवळ्या काकड्या, लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, लसूण आणि शेपू. हो, आपला शेपूच, फक्त बी धरलेला फुलोरा घ्या. काकडी कुरकुरीत राहावी म्हणून तिकडं ओकची नाहीतर बेदाण्यासारख्या काळ्या फळाच्या झुडपाची पानं घालतात, आपल्याकडं द्राक्षाचं पान चालतं, पण तासगावकडचे पाहुणे आणून देणार असतील तर औषध न फवारलेल्या वेलीचंच मागा.

वाढताना वर स्मेताना लागतं. लोण्यासाठी आपण साय विरजतो ना, तीच घुसळायच्या आधी एक चमचा काढून ठेवा.