पाण्याखाली जास्त पळणारी पाणबुडी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची एक पाणबुडी पाण्यावरच्यापेक्षा पाण्याखाली वेगाने पळायची, असं ऐकलं. खरं का? तिचं पुढे काय झालं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अगदी खरं. ती ‘टाइप 21’. पाण्यावर साधारण साडेपंधरा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), पाण्याखाली सतरा. आधीच्या पाणबुड्या बुडी मारल्यावर जेमतेम सात-आठ नॉटवर यायच्या. इथे डेकवरची तोफ काढली, अंग गुळगुळीत केलं आणि बॅटऱ्या तिप्पट बसवल्या. माझी उभी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे मला कौतुक त्या बॅटऱ्यांचं: तब्बल 372 सेल! शिवाय श्नॉर्केल होताच. नळी वर काढायची, हवा आत ओढायची, बुडलेल्या अवस्थेतच डिझेल इंजिन चालवून चार्जिंग करायचं.

बांधणीत मात्र घाई नडली. आठ तुकडे वेगवेगळीकडे बनवून शेवटी जोडायचे. ते धड जुळेनात. शंभरावर नौका तयार झाल्या, प्रत्यक्ष मोहिमेवर दोनच गेल्या.

मोहिमेवर न गेलेल्यांपैकी एक यू-2540, हॅम्बुर्गमध्ये बांधलेली. मे 1945 मध्ये तिच्याच खलाशांनी ती फ्लेन्सबुर्गजवळ बुडवली. बारा वर्षं तळाशी पडून होती. 1957 मध्ये वर काढली, डागडुजी केली आणि 1960 पासून ‘विल्हेल्म बावर’ नावाने पश्चिम जर्मन नौदलाने प्रयोगांसाठी वापरली. बारा वर्षं खाऱ्या पाण्यात राहून पुन्हा कामाला लागणं, हे मला तिच्या वेगापेक्षा नवलाचं वाटतं. 1984 पासून ती ब्रेमरहाफेनच्या जुन्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या जातीची शाबूत उरलेली ती एकटीच. तिकीट काढून आत जाता येतं. उंच असाल तर डोकं सांभाळा.