हॅलो, कोण बोलतंय?

शब्दांच्या या सदरात मागच्या वेळी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो : फोन उचलून ‘हॅलो’ म्हणायची सवय जेमतेम दीडशे वर्षांची आहे. त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे शब्द आज थांबतील. ही एकट्या हॅलोची प्रश्नोत्तरं.

प्रश्न : ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, म्हणून फोनवर त्याने पहिल्यांदा तिचं नाव घेतलं, असा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दर वर्षी येतो. खरं का? (सांगली)

नाही. आमच्याही ग्रुपवर येतो, खाली गुलाबाचं फूल असतं. बेलने जिच्यावर प्रेम केलं आणि ११ जुलै १८७७ रोजी जिच्याशी लग्न केलं, तिचं नाव मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हर होऊन तिची श्रवणशक्ती गेली होती. बेल मूकबधिरांना शिकवायचा, त्यातून त्यांची ओळख झाली. म्हणजे फोनवरून तिला हाक मारून काही उपयोग नव्हता! १० मार्च १८७६ रोजी तारेवरून गेलेलं पहिलं वाक्य होतं, ‘मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्ही हवे आहात’, अशा अर्थाचं. वॉटसन हा त्याचा मदतनीस, शेजारच्या खोलीत बसलेला. त्यात ना प्रेयसी, ना हॅलो. फोन उचलल्यावर काय म्हणायचं, याबद्दल बेलची पसंती ‘अहॉय’ला होती. ती खलाशांची एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला द्यायची हाक.

प्रश्न : मग हॅलो आणला कोणी? आम्ही एक्स्चेंजमध्ये होतो तेव्हा आम्हाला ‘नंबर प्लीज’ शिकवलं होतं, हॅलो नव्हे. (निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, नाशिक)

बाई, तुमच्या खात्याचाच हा शब्द, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला फोन म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारी, कायम चालू असलेली तार होती. पलीकडचा माणूस खोलीत आहे की नाही हेच कळायचं नाही. त्याला यंत्राजवळ बोलवायचं कसं? घंटी बसवावी का, याचा खल सुरू होता. १५ ऑगस्ट १८७७ रोजी थॉमस एडिसनने पिट्सबर्गमधल्या एका तारकंपनीच्या अध्यक्षांना, टी. बी. ए. डेव्हिड यांना, चार ओळी लिहिल्या : घंटीची गरज पडेलसं वाटत नाही, कारण ‘हॅलो’ दहा ते वीस फुटांवरून ऐकू येतो. ॲलन कोनिग्सबर्ग या ब्रुकलिनच्या प्राध्यापकांनी हे पत्र शोधून काढलं, तेव्हा शतक उलटून गेलं होतं. गंमत बघा, एडिसनला हॅलो हवा होता तो घंटीच्या जागी. घंटी आली ती आलीच, आणि हॅलोही राहिला.

१८७८ च्या जानेवारीत अमेरिकेत न्यू हेवन इथे एक्स्चेंज, म्हणजे अनेक फोन एकमेकांना जोडून देणारं केंद्र, सुरू झालं. त्याच वर्षीच्या तिथल्या डिरेक्टरीत सूचना होती की बोलणं ‘हुलोआ’ने सुरू करावं आणि ‘दॅट इज ऑल’ म्हणून संपवावं. पहिली अर्धी सूचना जगाने पाळली. दुसरी आपण तर मुळीच नाही. आपण ‘बरं, ठेवते मग’ म्हणतो आणि त्यानंतर पंधरा मिनिटं बोलतो.

सुरुवातीला ऑपरेटर म्हणून पोरं ठेवली होती. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत, खोड्या काढत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ पासून बोस्टनमध्ये एमा नट या तरुणीला नेमलं, आणि पुढे हे काम बायकांचंच होऊन गेलं. त्यांना नाव पडलं ‘हॅलो गर्ल्स’. पहिल्या महायुद्धात फ्रेंच जाणणाऱ्या दोनशेहून अधिक हॅलो गर्ल्सना अमेरिकी सैन्याने फ्रान्समध्ये स्विचबोर्डवर बसवलं. युद्ध संपल्यावर ‘तुम्ही सैनिक नव्हेच’ असं सांगून त्यांना घरी धाडलं. त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला तो १९७७ च्या कायद्याने, तोवर त्यातल्या बहुतेक जणी हयात नव्हत्या.

प्रश्न : कालिदासाच्या नाटकात प्रियंवदा आणि अनसूया शकुंतलेला ‘हला’ म्हणून हाक मारतात. हॅलो त्यातूनच गेला असणार ना? (पुणे)

प्रश्न वाचून बरं वाटलं, उत्तर देताना तितकं बरं वाटणार नाही. ‘हला’ आहे हे खरं. अमरकोशात तर त्याची वर्गवारीच दिली आहे : नाटकात हलक्या दर्जाच्या स्त्रीला ‘हण्डे’, दासीला ‘हञ्जे’ आणि सखीला ‘हला’. म्हणजे हा शब्द बाईने बरोबरीच्या बाईला मारलेल्या हाकेचा. हॅलोचा माग काढत मागे गेलं तर ‘हॅलो’, ‘हॉलो’, ‘हॉला’ अशी इंग्रजी रूपं लागतात. ‘हॉला’च्या मागे फ्रेंच ‘ओला’ उभा आहे, म्हणजे ‘ए, तिकडचा!’ पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला बोलवायच्या जुन्या जर्मन हाकेशीही कोशकार त्याचं नातं सुचवतात. या वाटेवर शकुंतलेचा आश्रम कुठेच लागत नाही.

मग साम्य कसं? लांब आवाज पोचवायचा तर तोंड उघडून ‘हा’, ‘हो’, ‘ओ’ असंच काहीतरी निघणार. आपली ‘हाळी’ बघा. उच्चारात ती हॅलोला हलापेक्षाही जवळची वाटते, पण म्हणून तिची सोयरीक लावून देता येत नाही. अर्थाच्या बाबतीत मात्र हाळी हाच हॅलोला सगळ्यात चपखल मराठी शब्द. ते मुळात अभिवादन नव्हतंच, ती हाळी होती.

प्रश्न : मी काही जुन्या वळणाचं बोलले की माझी मुलगी ‘हॅलोऽऽ’ असं हेल काढून म्हणते. हा कुठला नवा अर्थ? (ठाणे)

नवा नाही, जुनाच फिरून आलाय. ‘हॅलो’ हे आजचं स्पेलिंग छापलेलं सापडतं ते १८२६ पासून. त्या काळात तो शब्द दोन कामांना यायचा : कुणाचं तरी लक्ष वेधायला, नाहीतर आश्चर्य दाखवायला, ‘अरेच्चा, हे काय!’ अशा थाटात. त्याच्याही आधीची भावंडं शिकारीत कुत्र्यांना चेव आणायला वापरत. हॅम्लेट नाटकात मित्र ‘हिलो, हो, हो’ म्हणून राजपुत्राला शोधत येतो, तेव्हा तो ससाण्याला बोलवावं तसं ‘ये पाखरा, ये’ असं उत्तर देतो. सभ्य माणसाने दुसऱ्या सभ्य माणसाला समोरासमोर ‘हॅलो’ म्हणणं हे त्या काळी आपल्याकडे पाहुण्याला ‘ए, हुर्र’ म्हणण्यासारखंच झालं असतं. फोनने त्याला अंघोळ घालून दिवाणखान्यात आणलं. तुमची मुलगी त्याला परत रानात नेते आहे : ‘आई, जागी हो!’

प्रश्न : २०२२ मध्ये सरकारने ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा असं सांगितलं. मराठीत पर्याय असताना आपण हॅलो का धरून बसलोय? (नागपूर)

तो शासन निर्णय १ ऑक्टोबर २०२२ चा, शासकीय आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांसाठी. हॅलोला काही विशिष्ट अर्थ नाही, असा एक मुद्दा त्यात होता. अर्थ नाही हे मला मान्य. माझ्या मते त्याचा सगळा उपयोग तिथेच आहे.

आपण हाक मारतो कशी, ते आठवा. अरे, अगं, अहो, ए बाळ, ओ दादा. पुरुष की बाई, लहान की मोठा, घरचा की परका, हे ठाऊक असल्याशिवाय मराठी माणसाला तोंड उघडता येत नाही. आणि काळ्या डबड्याच्या काळात फोन उचलताना नेमकं तेच ठाऊक नसायचं. पलीकडे मैत्रीण असेल, सासूबाई असतील, साहेब असतील. साहेबांना ‘अगं’ म्हणून कसं चालेल? नमस्कार होता, रामराम होता, पण पलीकडे धाकटा भाऊ निघाला तर तोही फुकट जायचा. हॅलो म्हटलं की एक श्वासभर वेळ मिळायचा. आवाज ओळखला की गाडी रुळावर : ‘हॅलो... अगं तू होय!’ टेलिफोनचा दूरध्वनी झाला, हॅलोचं भाषांतर कुणी केलं नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

आता हे बदलतंय, शासन निर्णयाशिवायच. स्क्रीनवर नाव दिसतं, त्यामुळे माझा भाचा ‘हां मामा, बोल’ असाच सुरू होतो. त्याचा हॅलो उरलाय तो अनोळखी नंबरसाठी, आणि घाटात रेंज गेली की ‘हॅलो? हॅलो?’ करायला. म्हणजे पुन्हा हाळीच.

प्रश्न : हॅलोत ‘हेल’ म्हणजे नरक आहे, म्हणून तो शब्द अशुभ, असं एका प्रवचनात ऐकलं. (सोलापूर)

हा शोध प्रवचनकारांच्या आधी टेक्सासमध्ये लागला होता. १९९७ मध्ये तिथल्या क्लेबर्ग काउंटीने याच कारणाने ‘हेवन-ओ’ हे अधिकृत अभिवादन ठरवलं. जगाने ते उचललं नाही. ‘हॅलो’, ‘हुलो’, ‘हिलो’ ही भावंडं पाहिलीत तर स्वर वाटेल तसा बदलतो, नरक फक्त एकाच स्पेलिंगात सापडतो.

प्रश्न : प्रोग्रामिंग शिकताना पहिला प्रोग्राम ‘हॅलो, वर्ल्ड’च का? (हिंजवडी)

ब्रायन कर्निहन यांनी तो उदाहरणादाखल लिहिला, आणि १९७८ च्या सी भाषेवरच्या पुस्तकातून तो सगळीकडे गेला. स्क्रीनवर अक्षरं उमटली म्हणजे यंत्र आपलं ऐकतंय एवढंच त्यातून कळतं. गणपतीत मांडवातला पोरगा माइकवर ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ करतो, त्यातलाच प्रकार. कर्निहन तेव्हा ज्या प्रयोगशाळेत होते तिचं नाव बेल लॅब्ज. ‘अहॉय’वाल्या बेलच्याच नावाची.