प्रकाशाचा स्पंद सेकंदाला १७ मीटरवर कसा येतो?

प्रश्न : प्रकाशाचा वेग अचल असतो, असे आम्ही शिकलो. मग अणूंच्या साहाय्याने तो एसटीच्या वेगाइतका कमी करता येतो, किंवा वाढवताही येतो, हे कसे?

उत्तर : अचल असतो तो निर्वातातील प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. प्रयोगात बदलतो तो स्पंदाचा समूह वेग. स्पंद म्हणजे जवळजवळच्या अनेक वारंवारतांच्या लहरींचा मेळ. त्याचे शिखर किती वेगाने सरकेल, म्हणजेच समूह वेग किती असेल, हे माध्यमाच्या अपवर्तनांकापेक्षाही तो अंक वारंवारतेगणिक किती झपाट्याने बदलतो यावर ठरते. असा झपाट्याचा बदल अणूच्या अनुनादाजवळ, म्हणजे अणू ज्या वारंवारतेला जोरदार प्रतिसाद देतो तिच्याजवळ, मिळतो, पण नेमके तिथेच अणू प्रकाश शोषून घेतात.

ही अडचण पुंज कलासंबद्धतेने, म्हणजे अणूच्या पातळ्यांच्या लहरींमधले कलेचे (चढउतारांच्या जुळणीचे) नाते ठराविक राहिल्याने, सुटते आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो. अणूच्या दोन खालच्या आणि एक वरची अशा तीन ऊर्जापातळ्या घेऊ. एका खालच्या पातळीला वरच्या पातळीशी जोडणारा प्रबळ नियंत्रक लेसर चालू ठेवून दुसऱ्या खालच्या पातळीशी जुळणारा क्षीण स्पंद पाठवला, की वर जाण्याचे दोन मार्ग विरुद्ध कलेत (एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार) येऊन एकमेकांना रद्द करतात. अणू दोन्ही खालच्या पातळ्यांच्या अध्यारोपणात, म्हणजे एकाच वेळी दोन्हींच्या मिश्र अवस्थेत, राहतो, वर जातच नाही, आणि एरवी अपारदर्शक असलेल्या वायूत एक अरुंद पारदर्शक खिडकी उघडते. तिच्यात अपवर्तनांक १ च्या आसपासच असतो, पण त्याचा चढ अतिशय तीव्र असतो. नियंत्रक लेसर जितका क्षीण, तितकी खिडकी अरुंद आणि स्पंद संथ. स्टॅनफर्डच्या स्टीफन हॅरिस यांच्या गटाने ही पारदर्शकता १९९१ मध्ये स्ट्राँशियमच्या बाष्पात दाखवली.

भौतिकशास्त्रज्ञ लेने हाउ यांनी १९९९ मध्ये अतिशीत सोडियमच्या ढगात स्पंद सेकंदाला १७ मीटरवर, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटरवर आणला. ढगात शिरताना स्पंदाचा पुढचा भाग संथ होतो आणि मागचा त्याच्याजवळ येत राहतो, त्यामुळे निर्वातात शेकडो मीटर लांब असलेला स्पंद मिलिमीटरच्याही अंशात मावतो. २००१ मध्ये त्यांच्या गटाने नियंत्रक लेसर बंद करून स्पंदाची छाप अणूंच्या कलासंबद्धतेत सुमारे एक मिलिसेकंद जपली आणि लेसर पुन्हा लावून स्पंद परत मिळवला.

त्याच वर्षी अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतील जी. एस. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की दोन खालच्या पातळ्यांना जोडणारे आणखी एक विद्युतचुंबकीय क्षेत्र लावून त्याची तीव्रता बदलली, तर संथ स्पंद निर्वातातील प्रकाशापेक्षाही वेगवान करता येतो. मात्र यात पुढे सरकते ते केवळ स्पंदाचे शिखर. अकस्मात सुरू होणाऱ्या प्रकाशाची अगदी पहिली कडा निर्वातातील वेग ओलांडत नाही, म्हणून संदेशही त्याहून लवकर पोहोचत नाही.