जर्मनीतला पहिला नाताळ

वेंगुर्ल्याहून तू प्रथमच जर्मनीला निघाला आहेस, म्हणून तिथे अकरा वर्षे काढलेल्या माणसाचा हा सल्ला ध्यानात ठेव. आपल्याकडे शेजारच्या ख्रिस्ती घरातून नेवऱ्या आणि दोदोल यांचे ताट २५ डिसेंबरला येते. तिकडे मात्र खरा सण २४ च्या संध्याकाळी घरातल्या घरात होतो, त्या दिवशी दुकाने दुपारीच बंद होतात आणि २५ व २६ या दोन्ही दिवशी सुट्टी असते, तेव्हा दूध, पाव, भाजी २३ लाच भरून ठेव. माझा पहिला नाताळ नुसत्या भातावर गेला आणि रस्त्यावरची ती शांतता मला फार जड गेली.

म्हणूनच कोणी घरी बोलावले तर संकोचाने नाही म्हणू नकोस. भेट म्हणून भाजलेले काजू किंवा फणसपोळी ने; पेढे मात्र नकोत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ सामानात नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे. टेबलावर हिरव्या फांद्यांचे कडे आणि त्यावर चार मेणबत्त्या दिसतील. नाताळाआधीच्या चार रविवारी त्या एकेक करून पेटवतात, त्यामुळे पहिली पार खाली आलेली आणि चौथी जवळजवळ अख्खी असते. त्याविषयी आवर्जून विचार. मला एका आजींनी त्या फांद्या तारेने कशा बांधायच्या ते शिकवले, आणि पुढे दरवर्षी त्यांच्या घरी माझी खुर्ची मांडलेली असे.